देणगी बँकेत जमा, सीआरएममध्ये पत्ता नाही: कुठून शोधायचं आणि कुठे थांबायचं

वर्डप्रेसवर संकेतस्थळ, त्याच्या आत सिव्हीसीआरएम (देणगीदार आणि देणग्यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, म्हणजेच सीआरएम) आणि देणगी घ्यायला एखादा पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन बँकेत पोचवणारी सेवा). पुण्यातल्या छोट्या-मध्यम संस्थांकडे मला हीच जुळणी सगळ्यात जास्त दिसते. सिव्हीसीआरएमला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि ते बसवून देणारा हिंजवडीतला एखादा स्वयंसेवक शनिवार-रविवारी मिळून जातो. बसवल्या दिवशी सगळं झकास चालतं. काही महिन्यांनी देणग्या गळायला लागतात, आणि तोवर तो स्वयंसेवक नोकरी बदलून बंगळुरूला गेलेला असतो.

हा बिघाड मी इतक्या कार्यालयांत दुरुस्त केलाय, की तपासण्याचा क्रम आता ठरून गेलाय. तोच इथे देतोय. तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असेल तर मेन्यूंची नावं बदलतील, क्रम साधारण हाच राहील.

लक्षणं

यातलं काहीही दिसलं तर पुढे वाचा:

- देणगीदार यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवतो, पण सीआरएममध्ये त्याच्या नावावर काही नाही.
- नोंद आहे, पण ती ‘पेंडिंग, इन्कम्प्लीट ट्रान्झॅक्शन’ म्हणून अडकलीय.
- नोंद पूर्ण आहे, पावती मात्र गेलेली नाही.
- एकच देणगी दोनदा, दोन वेगळ्या पावती क्रमांकांनी.
- पैसे बायकोने दिले, पावती नवऱ्याच्या नावाची.
- ५०० रुपयांची देणगी ५०,००० दिसते. (हे एकच लक्षण अध्यक्षांना आवडतं.)
- देवनागरीतल्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.

लक्षण ओळखलंत की स्वतःला दोन गोष्टी विचारा: सगळ्याच देणग्या गळतायत की काहीच? आणि कधीपासून? ‘मंगळवारपासून एकही आलेली नाही’ असं असेल तर कुठेतरी तार तुटलीय. प्रमाणपत्र, किल्ली, पत्ता यांपैकी काहीतरी. ‘दहातली एखादी गळते’ असं असेल तर दुवा शाबूत आहे, गोंधळ नोंदींच्या जुळवणीत किंवा सर्व्हरच्या दमात आहे. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या दिवसांत अन्नदानासाठी एकदम देणग्या येतात. स्वस्तातलं सामायिक होस्टिंग तेवढ्यापुरतं कोलमडतं आणि नेमक्या त्याच तासांतल्या नोंदी गायब होतात. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक दिसतं, म्हणून कोणी खोलात जात नाही. ३१ मार्चलाही असंच होतं.

सगळ्यात आधी: हाताने नोंद करू नका

देणगीदाराचा फोन येतो, कार्यालयातल्या ताई बिचाऱ्या चांगल्या मनाने लगेच सीआरएममध्ये नोंद करून पावती पाठवतात. पुढचे निम्मे घोळ इथून सुरू होतात.

पैसे आल्याची खबर गेटवे तुमच्या संकेतस्थळाला वेबहुकने, म्हणजे आपोआप जाणाऱ्या निरोपाने, देतो. संकेतस्थळाने नीट उत्तर दिलं नाही, तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. रेझरपे हा गेटवे हे २४ तास करत राहतो. म्हणजे सकाळी ताईंनी केलेली नोंद आणि दुपारी यशस्वी झालेल्या वेबहुकची नोंद, अशा एकाच देणगीच्या दोन नोंदी होतात. दोन पावत्या जातात. वर्षअखेरीला सीए विचारतो की हा आकडा बँकेशी का जुळत नाही, आणि तेव्हा कुणालाच काही आठवत नसतं.

हरवलेली देणगी एका वेगळ्या शीटमध्ये लिहा: तारीख, रक्कम, नाव, गेटवेचा पेमेंट आयडी. देणगीदाराला सांगा, ‘पैसे पोचलेत, पावती दोन दिवसांत देतो.’ बिघाड सापडल्यावर, वेबहुक पुन्हा येणार नाही याची खात्री करून मगच नोंद करा. करताना ट्रान्झॅक्शन आयडीच्या चौकटीत गेटवेचा आयडी भरा. सिव्हीसीआरएममध्ये एकच ट्रान्झॅक्शन आयडी दोन देणग्यांना चालत नाही, त्यामुळे उद्या तीच देणगी पुन्हा आली तर ती आत शिरत नाही. फक्त आधीची एखादी आपोआप झालेली नोंद उघडून बघा, तिथे पेमेंट आयडी साठवलाय की ऑर्डर आयडी. जो असेल तोच तुम्हीही भरा.

पैसे मुळात गेटवेतून आलेत का?

ही तपासणी फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते. गेटवेच्या डॅशबोर्डवर ती रक्कम आणि वेळ शोधा.

तिथे काहीच सापडलं नाही तर देणगीदाराचा स्क्रीनशॉट नीट बघा. पुष्कळदा त्याने संस्थेच्या बँक खात्याचा क्यूआर स्कॅन केलेला असतो. तो क्यूआर पत्रकावर असतो, कार्यालयाच्या काचेवर असतो, आणि कोणीतरी उत्साहाने संकेतस्थळाच्या तळाशीही लावून ठेवलेला असतो. त्यावरून आलेले पैसे थेट बँकेत जातात. सॉफ्टवेअरला त्यांचा वाराही लागत नाही. यात बिघाड काही नाही, तरी ‘सीआरएम चालत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींमध्ये हे प्रकरण भरपूर असतं. संकेतस्थळावरचा क्यूआर काढून टाका, फक्त फॉर्मचा दुवा ठेवा. काढायचा नसेल तर बँकेचं विवरण दर आठवड्याला हाताने जुळवायची तयारी ठेवा.

डॅशबोर्डवर व्यवहार सापडला तर त्याची अवस्था वाचा. ‘कॅप्चर्ड’ म्हणजे पैसे तुमचे. ‘ऑथराइज्ड’ म्हणजे बँकेने होकार दिलाय, पण तुम्ही अजून उचललेले नाहीत. ठरावीक मुदतीत उचलले नाहीत तर ते देणगीदाराला परत जातात. आपोआप कॅप्चर होण्याचं सेटिंग चालू आहे का ते बघा. ‘फेल्ड’ दिसत असेल आणि देणगीदाराच्या खात्यातून रक्कम गेली असेल, तर ती बँक परत करते. यूपीआयने व्यापाऱ्याला केलेला असा व्यवहार पाच दिवसांत उलटवायचा, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. अशा वेळी पावती अजिबात देऊ नका.

तिथेच वर कोपऱ्यात टेस्ट (सरावाचे व्यवहार) आणि लाइव्ह (खरे व्यवहार) अशी कळ असते. तीही एकदा बघून घ्या.

अकाउंटंटची एक नेहमीची शंका इथेच मिटवतो. बँकेत आलेला आकडा देणगीपेक्षा कमी असणारच. गेटवे आपलं शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी कापून, काही दिवसांनी, बऱ्याच देणग्या एकत्र करून पैसे पाठवतो. पावती पूर्ण रकमेची, शुल्क खर्चात.

नोंद खरंच नाही, की दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे?

नावाने शोधू नका. ‘फाइंड कॉन्ट्रिब्यूशन्स’मध्ये रक्कम आणि तारीख टाकून शोधा. नाव देवनागरीत भरलेलं असेल, रोमनमध्ये असेल, मधल्या नावासकट असेल. रक्कम मात्र एकच असते. चाचणी म्हणून नोंदलेल्या देणग्या साध्या शोधात येत नाहीत, त्यासाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. कोणी देणगी पानाच्या चाचणीचा दुवाच देणगीदाराला पाठवला असेल तर सगळं तिथे जाऊन बसतं.

नोंद दुसऱ्याच माणसाच्या नावावर सापडली, तर मधल्या तपासण्या सोडून थेट ‘एका घरात एकच ईमेल’ या भागाकडे जा.

नोंद आहे, पावती नाही

आधी देणगी पानाच्या सेटिंगमधल्या ‘थँक यू अँड रिसिप्टिंग’मध्ये पावती पाठवण्याची खूण आहे का बघा. मग देणगीदाराला स्पॅम बघायला सांगा. दोन्ही ठीक असेल तर पावती कोणत्या पत्त्यावरून जातेय ते पाहा. संस्थेचं जीमेल ‘प्रेषक’ म्हणून टाकलेलं असेल आणि मेल जात असेल होस्टिंगच्या सर्व्हरवरून, तर समोरच्या मेलपेटीला तो तोतयाच वाटतो. पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकिम या नोंदींबाबत जीमेल आणि याहू फेब्रुवारी २०२४ पासून बरेच कडक झालेत. प्रेषकाचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा ठेवा आणि या दोन्ही नोंदी डोमेनमध्ये घाला. अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्थात डोमेनचा पासवर्ड तुमच्याकडे असेल तर. तो बंगळुरूला गेलेल्या मुलाच्या खासगी ईमेलवर असेल, तर आधी ते डोमेन संस्थेच्या नावावर करून घ्या. बाकीची दुरुस्ती दोन दिवस थांबली तरी चालेल.

एकेकट्या पावत्या जातात आणि वार्तापत्र, स्मरणपत्रं जात नाहीत, असं असेल तर दोष क्रॉनचा, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सर्व्हरच्या गजराचा. घाऊक मेल आणि ठरावीक वेळी करायची कामं क्रॉनने ढकलल्याशिवाय हलत नाहीत. ‘शेड्यूल्ड जॉब्स’ उघडा आणि शेवटचं काम कधी चाललं ती तारीख वाचा. होस्टिंग बदललं की फायली नव्या जागी जातात, क्रॉनची ओळ जुन्या सर्व्हरवरच राहते. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण पानावर) ती पुन्हा लिहावी लागते.

कुणी साफसफाई केली का?

इथे थोडी माणसांची चौकशी लागते. ‘कधीपासून’ या प्रश्नाला आलेली तारीख घ्या आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत संकेतस्थळावर कोणी काय केलं ते विचारा. ‘काहीच नाही केलं’ हे पहिलं उत्तर सोडून द्या.

वर्डप्रेसवर सिव्हीसीआरएम स्वतःसाठी एक पान ठेवतं, बेस पेज म्हणतात त्याला. पानांच्या यादीत ते रिकामं, निरुपयोगी दिसतं. नवा इंटर्न ‘नको असलेली पानं’ काढताना ते हमखास उडवतो, आणि त्यावर अवलंबून असलेले दुवे ‘पान सापडले नाही’ म्हणायला लागतात. कचऱ्याच्या डब्यातून परत आणा, झालं.

वेग वाढवणारं कॅश प्लगइन नवीन बसवलंय? ते पानाची तयार प्रत साठवून सगळ्यांना तीच देतं. बातम्यांना हे चालतं, देणगीच्या फॉर्मला चालत नाही. फॉर्ममध्ये प्रत्येक भेटीसाठी वेगळी खूण असते आणि शिळ्या प्रतीतली खूण सर्व्हर नाकारतो. देणगीची आणि सिव्हीसीआरएमची सगळी पानं कॅशमधून वगळा.

संरक्षणाचं प्लगइन बसवलं असेल, तर ते गेटवेकडून येणाऱ्या खबरीला हल्ला समजून दारातच अडवतं. याबद्दल लगेच पुढे.

आणि ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रं जास्तीत जास्त ९० दिवसांची असतात, नूतनीकरण आपोआप व्हायचं असतं आणि कधीतरी होत नाही. इथे एक फसवी गोष्ट आहे: प्रमाणपत्रांची मधली कडी सर्व्हरवर नसली तरी ब्राउझर ती स्वतः शोधून घेतो आणि तुम्हाला कुलूप व्यवस्थित दिसतं. गेटवेचा सर्व्हर ते करत नाही, तो जोडणीच तोडतो. म्हणून ‘माझ्या लॅपटॉपवर तर उघडतंय’ हा पुरावा इथे चालत नाही. प्रमाणपत्राची पूर्ण साखळी तपासणारी फुकट साधनं आहेत, त्यांत पत्ता टाकून बघा.

वेबहुक: खबर पोचते का?

आता थोडं तांत्रिक, पण अजूनही स्वतः करण्यासारखं. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकच्या पानावर जा. पहिलं बघा, तो चालू आहे का. रेझरपेच्या बाबतीत २४ तास सतत अपयश आलं तर वेबहुक बंदच केला जातो आणि तसा ईमेल येतो. तो ईमेल ज्या पत्त्यावर जातो तो पत्ता कोणी वाचत नाही, ही वेगळी गोष्ट. ‘मंगळवारपासून एकही नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं: सोमवारी रात्री काहीतरी मोडलं, मंगळवारी दिवसभर प्रयत्न झाले, मग दार बंद. मूळ कारण नंतर आपोआप सुटलं तरी वेबहुक बंदच राहतो, तो तुम्हालाच पुन्हा चालू करावा लागतो.

चालू असेल तर तुमच्या सर्व्हरने कोणतं उत्तर दिलंय तो आकडा वाचा.

२०० म्हणजे खबर पोचली. तरीही नोंद नसेल तर दोष सीआरएमच्या आत आहे. ४०३ म्हणजे दारवानाने हाकललं. संरक्षण प्लगइन किंवा फायरवॉलमध्ये त्या पत्त्याला सूट द्या, पण पूर्ण प्लगइन बंद करून ठेवू नका. ४०४ म्हणजे पत्ता चुकला, वर सांगितलेलं बेस पेज पुन्हा आठवा. ३०१ किंवा ३०२ दिसलं तर कोणीतरी संकेतस्थळाच्या पत्त्याचं रूप बदललंय, म्हणजे पुढचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलंय किंवा काढलंय. माणूस नव्या पत्त्यावर आपोआप पोचतो, वेबहुक पोचत नाही. डॅशबोर्डवर नेमका नवा पत्ता भरा. ५०० च्या घरातला आकडा म्हणजे सर्व्हर कोसळला. तो फक्त गर्दीच्या तासांत दिसत असेल तर होस्टिंगची योजना अपुरी आहे, एरवीही दिसत असेल तर खाली लॉगचा (सॉफ्टवेअर स्वतः लिहून ठेवतं त्या घडामोडींच्या वहीचा) भाग वाचा.

आकडा ४०० असेल किंवा लॉगमध्ये ‘सिग्नेचर जुळत नाही’ असं येत असेल, तर वेबहुकचं गुपित (खबर गेटवेकडूनच आली हे पटवणारा परवलीचा शब्द) दोन्हीकडे सारखं नाही. हे गुपित म्हणजे एपीआयची किल्ली नव्हे, ते वेगळं असतं, आणि टेस्टचं वेगळं, लाइव्हचं वेगळं. पेस्ट करताना शेवटी आलेली मोकळी जागासुद्धा पुरते. दोन्हीकडे नव्याने भरा.

५०० चे ५०,००० होण्याचं कारणही याच जोडणीत आहे. गेटवे रक्कम रुपयांत नाही, पैशांत पाठवतो, म्हणजे ५०० रुपयांचे ५०,००० पैसे. कोणी स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये शंभराने भागायचं राहिलं की असं होतं. ज्याने लिहिलंय त्याच्याकडून एका ओळीत दुरुस्त होईल, पण तोवर गेलेल्या पावत्या रद्द करून नव्या द्याव्या लागतील.

एका घरात एकच ईमेल

बाकीचे बिघाड दुरुस्त झाले की विसरले जातात. हा दरवर्षी परत येतो, कारण यात मोडलेलं काही नसतं. सॉफ्टवेअर सांगितल्याप्रमाणेच वागत असतं.

देणगीचा फॉर्म भरला की सिव्हीसीआरएम ठरवतं, हा माणूस आधीपासून आपल्याकडे आहे की नवा. त्यासाठी ‘अनसुपरवाइज्ड’ नावाचा नियम असतो, आणि मुळात आलेला नियम फक्त ईमेल बघतो. प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल असतो असं त्यात धरलंय. आता कोथरूडमधलं एखादं घर घ्या. ईमेल एकच, तोही मुलाने काढून दिलेला. आजोबा श्राद्धानिमित्त देणगी देतात, आजी वाढदिवसाची, सूनबाई शाळेच्या प्रकल्पाला. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हा सगळा एकच माणूस. बरं, नुसती देणगी त्याच्या नावावर जाऊन थांबत नाही. फॉर्ममधलं नाव जुन्या नोंदीवर चढतं. म्हणजे आजोबांची दहा वर्षांची नोंद एका रात्रीत सूनबाईंच्या नावाची होते.

याचा खर्च खरा आहे. देणगीदाराला आयकरात ८०जीची वजावट हवी असेल तर देणगीदाराच्या ओळखीसह देणग्यांचं विवरण संस्थेला भरावं लागतं. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ते फॉर्म १०बीडीने भरलं जातं आणि देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळतं, दोन्हींची मुदत पुढच्या ३१ मेची. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. आजींची देणगी आजोबांच्या पॅनवर गेली तर आजींना वजावट मिळत नाही. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. पुढच्या वर्षांचे फॉर्म सीएला विचारूनच भरा.)

उपाय असा. पॅनसाठी वेगळं फील्ड करा. मग व्यक्तींसाठी नवा जुळवणी नियम बनवा: पॅनला १० गुण, ईमेलला ५, पहिल्या नावाला ५, आणि उंबरठा १० (बेरीज एवढी झाली की नोंद जुळली). पॅन जुळला तर तोच माणूस. पॅन नसेल तर ईमेल आणि पहिलं नाव दोन्ही जुळायला हवेत. हा नियम ‘अनसुपरवाइज्ड’ म्हणून निवडा. मूळ नियमातली फील्डं बदलता येत नाहीत, नवाच करावा लागतो. फॉर्म वेगळ्या प्लगइनचा असेल तर जुळवणीचा नियम त्याच्या सेटिंगमध्ये निवडायचा असतो, तिकडेही जा.

सुनीता एकदा आय-ने आणि एकदा डबल ई-ने लिहिली गेली तर या नियमाने दोन नोंदी होतील. होऊ देत. वेगळ्या राहिलेल्या दोन नोंदी नंतर एकत्र करता येतात, चुकून एकत्र झालेल्या सुट्या करायला बटण नाही.

पॅनची चौकट लावली की लोक त्यात काय काय लिहितात ते बघा. ‘एनए’, ‘नाही’, ‘नंतर देतो’. रिकामी चौकट सॉफ्टवेअर जुळवत नाही, पण ‘एनए’ लिहिलेले सगळे एकच माणूस होऊन बसतात! म्हणून फॉर्मवरच रचना तपासून घ्या: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, न्यासासाठी टी, अविभक्त कुटुंबासाठी एच. व्यक्तीच्या पॅनचं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, पण त्यावरून कोणाचा पॅन नाकारू नका; लग्नानंतर आडनाव बदललेल्या कितीतरी बायकांचा पॅन माहेरच्या आडनावाचाच असतो.

याच जातीचा आणखी एक घोळ कार्यालयातच होतो. आजोबा समोर खुर्चीत बसलेत, कार्डाने पैसे द्यायचेत, आणि ताई स्वतःच्या लॉगिनमध्ये संकेतस्थळाचा फॉर्म उघडून त्यांची माहिती भरतात. सॉफ्टवेअरला वाटतं, ताईच देणगी देतायत. देणगी ताईंच्या नोंदीवर जाते आणि ताईंचं नाव बदलून आजोबांचं होतं. फॉर्मच्या वर ‘वेलकम’ म्हणून ताईंचं नाव आणि ‘तुम्ही ते नसाल तर इथे दाबा’ असा दुवा दिसतो, तो कोणी वाचत नाही. सोपा उपाय: असे फॉर्म खासगी विंडोतच भरायचे, असा कागद संगणकाशेजारी चिकटवा.

तारीख आणि अक्षरं

१ एप्रिलच्या पहाटे दोनला आलेली देणगी ३१ मार्चची दिसतेय? सर्व्हर जागतिक वेळेवर चालतोय, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये टाइमझोन कोलकाता निवडा. सिव्हीसीआरएमचं ‘सिस्टिम स्टेटस’ पान डेटाबेस आणि पीएचपी (सिव्हीसीआरएम ज्या भाषेत लिहिलंय ती) यांच्या घड्याळांत फरक असेल तर तसं सांगतं. एका देणगीचं आर्थिक वर्ष बदलतं, म्हणून हे क्षुल्लक समजू नका.

देवनागरी नावं सीआरएमच्या पडद्यावर नीट आहेत आणि फक्त एक्सेलमध्ये खिचडी होतेय, तर दोष एक्सेलच्या उघडण्यात आहे. फाइलवर डबल क्लिक न करता डेटा मेन्यूतून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा. सीआरएमच्या पडद्यावरच प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षरं गेली, परत येणार नाहीत. पुढच्या नोंदींसाठी डेटाबेसची अक्षरव्यवस्था कोणाकडून तरी दुरुस्त करून घ्या, जुन्यांना फोन करून नावं विचारा.

लॉग वाचणं

इथवर काही सापडलं नसेल तर लॉग. वर्डप्रेसच्या अपलोड्स फोल्डरमध्ये सिव्हीसीआरएमचं फोल्डर आणि त्यात ‘कॉन्फिग अँड लॉग’. हरवलेल्या देणगीच्या वेळेच्या आसपासच्या ओळी शोधा. सगळं समजायला हवं असं नाही, एखाद्या एक्स्टेंशनचं (सिव्हीसीआरएमला लावलेल्या जोडभागाचं) नाव किंवा ‘फेटल’ शब्द दिसला तरी दिशा कळते. होस्टिंगवाल्यांनी पीएचपीची आवृत्ती वाढवली आणि गेटवेचं एक्स्टेंशन जुनंच राहिलं, हे नेहमीचं. सीपॅनेलमधून तात्पुरती आधीची आवृत्ती लावता येते. ती तात्पुरतीच ठेवा.

काहीही अद्ययावत करण्याआधी बॅकअप घ्या, आणि त्यात सिव्हीसीआरएमचा डेटाबेस आहे याची खात्री करा. तो वर्डप्रेसपासून वेगळा ठेवलेला असू शकतो, आणि मग नेहमीचं बॅकअप प्लगइन त्याला हातही लावत नाही.

इथे थांबा

शेकडो नोंदी चुकीच्या माणसांवर चढल्या असतील तर स्वतः घाऊक मर्ज (नोंदी एकत्र) करायला जाऊ नका. मर्ज उलटवता येत नाही. सिव्हीसीआरएम जाणणारा माणूस बॅकअपच्या प्रतीवर आधी करून बघेल, मग खऱ्यावर.

लॉगमध्ये डेटाबेसच्या चुका दिसतायत, किंवा अद्ययावत करणं अर्ध्यात थांबलंय: पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, डेव्हलपरला बोलवा.

विवरण भरून झाल्यावर देणगी चुकीच्या पॅनवर गेल्याचं कळलं तर हे सीएचं काम. सुधारित विवरण तोच भरेल. सॉफ्टवेअरमधली नोंद त्याच्याशी बोलल्याशिवाय बदलू नका.

परदेशी पैसा दिसला तर तिथल्या तिथे फॉर्मवरची परदेशी कार्डं बंद करा आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) जाणणाऱ्या सीएला फोन करा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घेता येते, तीही नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल तर. भारतीय पासपोर्टवाला अनिवासी मुलगा आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतो ती परदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्याची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची, धरतात. देणगीदार कोणत्या प्रकारात बसतो हे नुसत्या कार्डावरून कळत नाही, आणि हा निर्णय डेव्हलपरने घ्यायचा नसतो.

गेटवेची गुप्त किल्ली कुठे उघडी पडल्याचा संशय आला, म्हणजे व्हॉट्सअॅप गटात पाठवली गेली किंवा ईमेलमध्ये फिरली, तर आधी नवी किल्ली तयार करून जुनी रद्द करा आणि मग माणूस शोधा. पॅनची यादी बाहेर गेली असेल तर विश्वस्तांना त्याच दिवशी लेखी कळवा.

डेव्हलपरला बोलवताना ‘सीआरएम चालत नाही’ एवढंच सांगितलंत तर त्याचा पहिला अर्धा दिवस वर लिहिलेल्याच तपासण्यांत जाईल, आणि त्याचे पैसे तुम्ही द्याल. त्याला हे द्या: बिघाड सुरू झाल्याची तारीख, हरवलेल्या दोन-तीन देणग्यांचे पेमेंट आयडी, वेबहुकच्या उत्तरांचा स्क्रीनशॉट, त्या वेळच्या लॉगच्या ओळी, आणि त्या आठवड्यात संकेतस्थळावर केलेले बदल. लॉगच्या ओळींत देणगीदारांची नावं आणि पॅन असतील तर ते आधी झाका. त्याच्यासाठी वेगळं लॉगिन बनवा, अध्यक्षांचा पासवर्ड देऊ नका, आणि काम संपलं की ते लॉगिन त्याच संध्याकाळी बंद करा.